लूप लावलेलं जाकीट

४ जानेवारी

चिंगे,

तुझ्या भावाच्या घरात हत्ती बांधलाय. खोटं वाटत असेल तर वहिनीला विचार. ती दोन दिवस त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जातेय आणि प्रत्येक वळशाला माझ्याकडे एक कटाक्ष टाकतेय.

तुझ्या भाचीने ट्रेडमिल पाठवली. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर 'रोज चाला' म्हणून बजावलं होतं. मी निघायचो बिचारा, पण पहिल्याच कोपऱ्यावर कोणीतरी अडवायचं, "काय मास्तर, आता कसं काय?" मग मी माझ्या छातीची गोष्ट पहिल्यापासून सांगायची, त्याने त्याच्या मामाच्या छातीची सांगायची, आणि चालणं राहायचं त्या कोपऱ्यावरच. हे लेकीच्या कानावर गेलं. कोणी घातलं ते सांगायला नको. परवा दोन माणसं खोकं घेऊन दारात हजर.

जोडणी मीच केली. सोबत माहितीपुस्तक आलंय, पण ते काही मी उघडलं नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर पाय मारून घर चालवलेल्या शिंप्याला आता पुस्तकातून मशीन शिकवणार? पुढे खिडकी, मागे भिंत, अशी ऐटीत लावलीय. चालता चालता खाली दुकानात कोण येतंय तेही दिसेल.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर जमलं की मशीनला थोडा चढ द्या, आणि चढावर धाप न लागता चाललात की खुशाल बहिणीकडे जा. तुमच्या टेकडीला गाडी चढत नाही, नुसत्या पायऱ्या आहेत, हे त्यांना मीच सांगितलं.

कारण तू काही येणार नाहीस. ऑपरेशनला सगळे आले, तू आली नाहीस. यावर एक शब्द लिहायचा नाही असं ठरवलं होतं, पण मला वाईट वाटलं ते वाटलं. कशावरून रुसली असशील तर भेटून भांडू. तुमच्या टेकडीवरून फोनवर मला तुझं फक्त 'हॅलो' ऐकू येतं, पुढे नुसती खरखर, त्यात भांडण कसं होणार?

दादा

ता. क. मेहुण्यांना सांग, पत्रं खिशात घालून मिरवू नका. मागच्या पत्रावरची तुझी तारीख आणि टपालाचा शिक्का यांच्यात सबंध आठवडा होता. पेटी तुमच्या पायऱ्यांच्या तळाशीच तर आहे. तूच का टाकत नाहीस?


१२ जानेवारी

दादा,

हत्तीला माझा नमस्कार. त्याच्या पाठीवर बसायच्या आधी हे पत्र नीट वाच.

आमच्या खालच्या शेजारणीकडे एक फिजिओथेरपीवाली मुलगी येते व्यायाम शिकवायला. तिला तुझ्या मशीनचं सांगितलं, तर तिने पहिला प्रश्न विचारला, मागे जागा किती? मी म्हटलं, भिंत. तिने डोक्यालाच हात लावला. म्हणाली, पाय सटकला तर पट्टा माणसाला मागे फेकतो, आणि मागे भिंत असली की माणूस पट्टा नि भिंत यांच्यात सापडतो. तेव्हा खिडकीचा शौक पुरे. मागे तू आडवा झोपलास तरी पाय मावतील एवढी मोकळी जागा हवी. तिथे कापडाचे गठ्ठे ठेवून भरून काढू नकोस, तुझी सवय माहीत आहे.

प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. ती तुझी इस्त्रीची लांब वायर, जिला ठिकठिकाणी चिकटपट्टीची मलमपट्टी केलीय, ती लावशील तर बघ.

पट्ट्यावर उभं राहून बटण दाबायचं नाही. दोन्ही कडांना फळ्या असतात, त्यांवर पाय ठेवून सुरू करायचं, अगदी गोगलगाईच्या वेगाने, दांडी धरून, आणि मग एकेक पाय आत. दोरी लावलेली लाल चावी असते, तिचा चिमटा अंगावरच्या कपड्याला अडकवायचा. माणूस पडला की चावी निसटते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. छातीत जरा जरी दुखलं तरी उतर, आणि डॉक्टरांना कळव.

आणि दादा, पायांकडे बघू नकोस. पायांकडे बघितलं की पाय घाबरतात. समोर बघायचं.

रुसले नाही रे. ह्यांची तब्येत तेव्हा बरी नव्हती, कळवलं होतं की. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळपासून खिडकीतून हलले नाही, एवढं खरं मान. राग धर, तुझा हक्क आहे. पण मशीनवर चढताना तो खाली ठेव.

चिंगी


२३ जानेवारी

चिंगे,

तुझं पत्र कालच हाती आलं. मेहुण्यांचा खिसा म्हणजे भुयार आहे.

इकडे सगळं ठीक. तू म्हणतेस तर मशीन फिरवून घेतो. सध्या त्याला थोडी विश्रांती देतोय, नव्या मशीनला जागेवर बसायला वेळ द्यावा लागतो. उजव्या कोपराला जरा खरचटलंय, कात्री लागली. म्हणून अक्षर वाकडं आहे, काळजी करू नकोस.

दादा

वन्सं, मी वहिनी. हे आंघोळीला गेलेत तोवर लिहून घेते. कोपराला कात्री कशी लागते, तुम्हीच सांगा! झालं असं की ह्यांनी पट्ट्याला शिलाई मशीनचं तेल घातलं. थेंबभर नाही, सबंध बाटली. "कुठलंही मशीन तेलावाचून रडतं," म्हणाले. मग थेट पट्ट्यावर उभे राहून बटण दाबलं, कारण शिलाईचं मशीन पाय ठेवूनच सुरू होतं ना! ती लाल चावी मशीनमध्ये, आणि तिचा चिमटा? शर्टाला लावला तर इस्त्री मोडते म्हणून मशीनच्याच दांडीला लावलेला. दुसऱ्या पावलाला हे भिंतीशी जाऊन बसले. पट्टा पँटचा पाय चाटतोय आणि ह्यांचं आपलं "काही नाही, काही नाही" चाललंय. मी धावत जाऊन प्लग खेचला. नशीब मागे कापडाचा गठ्ठा होता.

डॉक्टरांकडे नेऊन आणलं, छातीला काही नाही. पण त्या दिवसापासून मशीनजवळ फिरकत नाहीत. वरून चादर घातलीय. तुमच्याकडे यायचंही बोलत नाहीत. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. पाणी बंद झालं, ठेवते.


३१ जानेवारी

दादा,

कोपराला कात्री! लहानपणी चिंचा पाडताना पडलास तेव्हा 'मुंगी चावली' म्हणाला होतास. साठी उलटली तरी थाप मारायची अक्कल आली नाही. आणि वहिनीला एक शब्द बोलशील तर माझ्याशी गाठ आहे.

तेलाचं ऐक. पट्ट्याला शिलाईचं तेल चालत नाही, त्याने पट्टा खराब होतो आणि निसरडा होतो ते वेगळंच. त्याला सिलिकॉनचं वंगण लागतं, तेही पट्ट्याच्या खालच्या अंगाला, तेही पुस्तकात सांगितलं असेल तेव्हा आणि तेवढंच. म्हणजे पुस्तक उघडायचं, दादासाहेब. आणि कंपनीच्या माणसाला बोलावून पट्टा आधी साफ करून घे.

आता जे लिहिते ते थट्टेत नेऊ नकोस. ती आमची शेजारीण आहे ना, पडली होती ती. हाड महिन्या-दोन महिन्यांत सांधलं, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. भीती मात्र सांधत नाही. बाई घरात सगळं करते, पोळ्या लाटते, कपडे वाळत घालते, मग दारापर्यंत येते, उंबऱ्यावर उभी राहते आणि परत आत जाते. रोज. खाली रस्त्यावर काय चाललंय ते तिला दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. असं जगणं वाईट रे. तुझं तसं होऊ देऊ नकोस. उद्या चादर काढ. मशीन बंदच ठेव आणि नुसता वर जाऊन उभा राहा, दांडी धरून. परवा पुन्हा. एवढं माझ्यासाठी कर.

आणि चिमट्याने इस्त्री मोडते म्हणे! शिंपी ना तू? शोध काहीतरी.

चिंगी


२ मार्च

चिंगे, चिंगे, चिंगे,

चालतोय! चढावर चालतोय!

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडलो. तिसऱ्या दिवशी चादर काढली. त्या दिवशी वहिनीच्या हातून चहात साखर जास्त पडली. आठवडाभर मी बंद मशीनवर नुसता पुतळ्यासारखा उभा. खालून गिऱ्हाईक ओरडायचं, मास्तर आहेत का? वहिनी सांगायची, आहेत, पण प्रवासाला निघालेत.

मग कंपनीचा माणूस आला. तेल बघून एवढंच म्हणाला, "काका, भजी तळायची होती का?" पट्टा साफ केला, मधोमध बसवला, आणि सरकलाच तर मागचा स्क्रू किती नि कुठे फिरवायचा ते दाखवून गेला. वायरमनकडून भिंतीत वेगळं सॉकेट घेतलं, अर्थिंग तपासून. मशीन फिरवलं. मागे इतकी जागा सोडलीय की वहिनी म्हणते, पाहुणे झोपवू. पुस्तक वाचलं. वाचण्यासारखं आहे, कबूल.

आणि चिमटा! माझ्या प्रत्येक शर्टाला डाव्या अंगाच्या शिवणीत त्याच कापडाचं एक लूप लावलंय. टाके दुहेरी, पण बाहेरून दिसतील तर शपथ. चिमटा त्यात अडकतो, इस्त्री शाबूत. रोज सुरू केलं की कडेच्या फळ्यांवर उभा राहूनच एकदा दोरी ओढून बघतो. खट्! थांबतं. मग चावी परत घालून चालायला लागतो. दुकानात एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही काय नवी फॅशन? म्हटलं, अगदी नवी. त्याने स्वतःच्या दोन शर्टांना लावून घेतली. चष्मा अडकवतो म्हणे.

डॉक्टर म्हणाले, चालता चालता सहज बोलता आलं तर वेग बरोबर, शब्द तुटायला लागले तर कमी करा. म्हणून वहिनी शेजारी स्टूल टाकून बसते आणि आमची सगळी भांडणं आता मशीनवर होतात. मला मधेच उठून जाता येत नाही, त्यामुळे ती जिंकते.

महिनाअखेरीला येतोय. परवानगी मिळाली. चार दिवस राहीन. तुझ्या शेजारणीला सांग, तिची गोष्ट ऐकून एक म्हातारा चालायला लागला. तिच्यासाठी काहीतरी घेऊन येतो.

दादा


१२ मार्च

दादा,

ये. ये. ये. पत्र हातात घेऊन मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, पाठ झालं, आता चहा दे.

पायऱ्यांवर घाई करू नकोस. मध्ये कठडा आहे तिथे बस. हे तुला घ्यायला खालपर्यंत येतील. मी वर असेन, स्वयंपाकात. शेजारणीसाठी काही आणू नकोस, तिला संकोच वाटतो.

चिंगी


४ एप्रिल

चिंगे,

सुखरूप पोचलो. छाती ठीक, पाय ठीक, पोट तुझ्या हातचं खाऊन सुटलंय. ते चार दिवस मी जन्मात विसरणार नाही. आपण इतके हसलो की मेहुणे उठून दुसऱ्या खोलीत झोपायला गेले.

म्हणूनच तिथे काही बोललो नाही. आता बोलतो.

आजवर तुझ्याकडे आलो की तू धावत खाली येऊन पेटीपाशी उभी असायचीस. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हापासून. या वेळी तू दारात होतीस, एक हात चौकटीला. निघताना मी पहिल्या पायरीवर उभा राहून म्हटलं, "चल की दोन पायऱ्या." तू म्हणालीस, गॅसवर दूध आहे. चिंगे, गॅस बंद होता. मीच केला होता.

मी आयुष्यभर मापाला उभी राहिलेली माणसं बघितलीत. कोण कुठल्या पायावर भार टाकतो, कोणाचा खांदा कशाने पडलाय, हे मला इंचटेपशिवाय कळतं. तुझा डावा खांदा पूर्वी असा नव्हता.

आणि खालच्या शेजारणीसाठी मी गुपचूप एक रुमाल शिवून आणला होता. तू नको म्हणालीस तरी. परत निघालो तेव्हा उतरताना त्या घराचं दार वाजवलं. एका दाढीवाल्या तरुणाने उघडलं. एकटाच राहतो. रुमाल बघून गोंधळला, पण घेतला बिचाऱ्याने.

मग बसपर्यंत सोडायला आलेल्या मेहुण्यांना दम दिला, तेव्हा सगळं बाहेर आलं. माझ्या ऑपरेशनच्या आदल्याच आठवड्यात तू पायऱ्यांवरून पडलीस. माझ्याकडे यायची म्हणून बॅग घेऊन निघाली होतीस. तेव्हापासून तू खाली उतरली नाहीस. ऑपरेशनच्या तोंडावर मला धक्का नको म्हणून त्यांना शपथ घातलीस. आणि मी इकडे तू रुसलीस म्हणून कागद भरतोय. चिंगे, मला बसमध्ये रडू आलं. शेजारच्या माणसाने पेपरमिंटची गोळी दिली. वेडे, मला सांगायचं नाही होय?

आता उलट न बोलता ऐकायचं. खिडकीजवळचं ते अवजड कपाट पलीकडच्या भिंतीला सरकवून घे. तिथे वेगळं सॉकेट करून घे. त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला विचार, मशीनवर चालणं तुला चालेल का. ती हो म्हणाली तर कळव.

दादा


१८ एप्रिल

दादा,

तुझ्या पत्रावर दोन दिवस नुसती रडले. चांगलं रडले. खोटं बोलायचं ओझं असतं रे, ते तुझ्याशी तर फारच.

मुलगी हो म्हणाली. म्हणाली, दांडी धरून, सपाटीवर, गोगलगाईसारखं, आणि पहिले काही दिवस ती स्वतः शेजारी उभी राहील. ह्यांनी लगेच कपाट सरकवलं. मागून धुळीबरोबर इतक्या हरवलेल्या वस्तू निघाल्या की आमचं अर्धं लग्न सापडलं.

आज पार्सल आलं. बिनबाह्यांचं जाकीट. माप न घेता इतकं चपखल कसं शिवलंस? डावा खांदा तर असा बेमालूम उचललायस की आरशात मी सरळ दिसते. आणि डाव्या अंगाच्या शिवणीत ते लूप. त्याच कापडाचं, दुहेरी टाक्यांचं. ह्यांनी विचारलं, हे कशाला? मी पुन्हा रडायला लागले.

पण दादा, मशीन इकडे आल्यावर तू कशावर चालणार?

चिंगी


२७ एप्रिल

चिंगे,

मी? रस्त्यावर! लेकीला विचारलं, ती म्हणाली आत्याकडेच जाऊ दे. डॉक्टरही म्हणाले, आता बाहेर चाला. कोपऱ्यावर मी आता थांबत नाही. चालत चालत बोलतो, ज्याला माझ्या छातीची गोष्ट ऐकायचीय त्याने सोबत चालायचं. सध्या तिघे येतात. त्यातला एक चष्मा लूपमध्ये अडकवून.

हत्ती सोमवारी निघतोय. वर चढवायला चार माणसं सांगितलीत, पायऱ्या किती आहेत ते मात्र त्यांना सांगितलेलं नाही. पुस्तक सोबत आहे. तेल घालू नकोस.

दादा


९ जून

दादा,

तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील. मुद्दामच दिलं नाही. हे पत्र मला नीट लिहायचं होतं.

पहिल्या दिवशी मी त्या बंद मशीनवर उभी राहिले आणि दांडी अशी आवळली की मुलगी म्हणाली, काकू, ती पळून जाणार नाही. पट्टा हलला तेव्हा ओरडले आणि मागे झुकले. चावी आपसूक ओढली गेली, खट्! मशीन थांबलं, आणि मी होते तिथेच उभी होते. तिथे मला कळलं, तू लूप का लावलंस. पडायच्या आधी थांबता येतं. मग रोज चालले. तुझ्यासारखी पायांकडे न बघता, समोर. समोर खिडकी आहे, आणि खिडकीतून पायऱ्या दिसतात. आधी मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. मग बघायला लागले. मागच्या आठवड्यात मुलीचा हात धरून कठड्यापर्यंत जाऊन आले. काल तिच्याशिवाय, ह्यांच्याबरोबर.

आज सकाळपासून ठरवलंय. जाकीट घातलंय. हे चपला घालून तयार आहेत आणि माझ्या लूपमध्ये बोट अडकवून बसलेत, म्हणतात, आता चावी मी. मी सांगितलं, उगाच ओढू नका, जागच्या जागी बंद पडेन.

बाकी सगळं मागून लिहीन. गॅस बंद केलाय, दोनदा बघितलं. हे पत्र ह्यांच्या खिशात जाणार नाही, माझ्या हातात आहे. पेटी तळाशी आहे. तुला पत्र मिळालं, तर समज मी खाली पोचले.

चिंगी